जीन एकदम धडधाकट, म्युटेशन शून्य, तरी एक्सप्रेशन आभाळाला टेकलंय. कसं काय?

अर्धवट_बायोलॉजिस्ट

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट कॅन्सर बायोलॉजीच्या लॅबमध्ये चालूये. काही ट्युमर सॅम्पल्सचा एक्झोम डेटा (डीएनएतल्या प्रोटीन बनवणाऱ्या भागाचं वाचन) आणि त्याच सॅम्पल्सचा आरएनए-सीक डेटा (कुठला जीन किती चालू आहे, म्हणजे त्याचं एक्सप्रेशन) हातात दिलाय, सोबत शेजारच्या नॉर्मल टिश्यूचाही. सांगितलंय की बघ काय इंटरेस्टिंग दिसतंय का. तर त्यात एक जीन आहे (नाव लिहीत नाही, गाइड इथे वाचत असतील तर माझी काही खैर नाही) जो नॉर्मलमध्ये जवळजवळ बंद असतो आणि आमच्या निम्म्याहून जास्त ट्युमर्समध्ये भरमसाट चालू आहे. मला वाटलं घबाड सापडलं. एक्झोम उघडून बघितलं तर त्या जीनमध्ये काही म्हणजे काहीच नाही, कॉपी नंबरही (जीनच्या किती प्रती आहेत तो आकडा) नेहमीसारखा दोनच दिसतोय. गाइडना विचारलं तर म्हणाले "रेग्युलेटरी असणार, बघ जरा" आणि मीटिंगला निघून गेले.

आता "बघ जरा" म्हणजे नक्की काय बघू? आम्हाला शिकवलंय ते एवढंच की ऑन्कोजीनमध्ये (कॅन्सरला ढकलणारा जीन) म्युटेशन झालं की तो चालूच राहतो आणि ट्युमर सप्रेसरमध्ये (कॅन्सरला रोखणारा जीन) झालं की तो बंद पडतो, उदाहरणं म्हणून रास आणि पी५३ लिहा, पाच मार्क घ्या. जीन स्वतः ठणठणीत असताना तो बिघडलेल्यासारखा कसा वागतो? आणि दुसरं म्हणजे समजा एक्सप्रेशन वाढलंय, तर त्यामुळे कॅन्सर झाला की कॅन्सर झाला म्हणून ते वाढलंय हे कळतं कसं? कृपया पुस्तकातला चॅप्टर वाच असं सांगू नका, वाचलाय, डोकं अजून गरगरतंय.

रात्रपाळी_पिपेट

गाइडचं चुकलेलं नाहीये, फक्त अर्धंच सांगितलंय. एक्झोममध्ये आपण जिनोमचा जेमतेम दीड-दोन टक्के भाग वाचतो, प्रोटीन बनवणारा. जीन कधी, कुठल्या पेशीत आणि किती चालू करायचा हे ठरवणारा बहुतेक डीएनए उरलेल्यात पडलाय आणि तो तू उघडलेलाच नाहीस. त्यामुळे "म्युटेशन शून्य" असं लिहू नकोस, "कोडिंग भागात सापडलं नाही" एवढंच लिही, नाहीतर व्हायवात पहिला बॉल यावरच पडेल.

यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण टर्टचं. टेलोमरेजचा मुख्य भाग बनवणारा हा जीन, आपल्या बहुतेक पेशींत झोपलेला असतो, म्हणून त्या ठरावीक वेळा विभागल्या की थांबतात. बहुतेक कॅन्सर पेशींत मात्र तो जागा असतो. जागा कोण करतं हे बरीच वर्षं कळत नव्हतं. २०१३ मध्ये सायन्समध्ये पाठोपाठ दोन पेपर आले, दोन्ही मेलानोमावर, आणि दोघांनी बोट ठेवलं ते जीनच्या आत नाही तर प्रमोटरवर, म्हणजे जीन चालू करणाऱ्या त्याच्या लगतच्या तुकड्यावर. प्रोटीन जिथून सुरू होतं त्या एटीजीच्या १२४ बेस आधी किंवा १४६ बेस आधी, सी च्या जागी टी. झालं. तीन अब्ज अक्षरांतलं एक. एका पेपरात तर तपासलेल्या मेलानोमांपैकी ७१ टक्क्यांत या दोनपैकी एक बदल होता, आणि मग ग्लिओब्लास्टोमा, ब्लॅडरचा कॅन्सर, लिव्हरचा कॅन्सर, जिथे बघावं तिथे हेच दोन स्पॉट सापडायला लागले.

आणि यातली खरी गंमत पुढे आहे. जागा दोन वेगळ्या, पण बदल झाल्यावर तिथे तयार होणारा क्रम दोन्हीकडे तोच, अकरा अक्षरांचा, मधे जीजीएए असलेला. जीजीएए म्हणजे ईटीएस कुटुंबातल्या ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर्सची (डीएनएवर बसून जीन चालू-बंद करणारी प्रोटीन्स) बसायची जागा. २०१५ मध्ये दाखवलं गेलं की तिथे येऊन बसणारा फॅक्टर म्हणजे जीएबीपी. आता जीएबीपी काही कॅन्सरसाठी खास जन्माला आलेला नाही, साध्या पेशींतही तो असतोच, नेहमीची कामं करत असतो. त्याला या प्रमोटरवर टेकायला जागा नव्हती, ती एका अक्षराने करून दिली. आणि तो बसतो फक्त बदललेल्या कॉपीवर, त्याच पेशीतली दुसरी, न बदललेली कॉपी तशीच गप्प राहते. हा मुद्दा लक्षात ठेव, खाली कुणीतरी यावर बोलेलच.

दुसरं मला स्वतःला जास्त आवडणारं उदाहरण, टी पेशींच्या ल्युकेमियातला टॅल-वन. २०१४ चा पेपर आहे. काही रुग्णांत हा जीन चालू होता पण त्याचं नेहमीचं कारण, म्हणजे तुकडा गळणं किंवा ट्रान्सलोकेशन (क्रोमोसोमचा तुकडा दुसऱ्या क्रोमोसोमला जोडला जाणं), सापडत नव्हतं. शेवटी जीनच्या काही हजार बेस आधी, एका अगदी नेमक्या जागी, मूठभर अक्षरं जास्तीची घुसलेली दिसली. जर्कट नावाची सेल लाइन (लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशी) तर निम्म्या जगाच्या फ्रीजरमध्ये आहे, तिच्यातसुद्धा १२ बेसची ही घुसखोरी आहे. त्या घुसलेल्या अक्षरांनी मिब नावाच्या फॅक्टरची बसायची जागा तयार केली, मिब बसला, त्याने सीबीपी नावाच्या एन्झाइमला ओढून आणलं, सीबीपीने आजूबाजूच्या हिस्टोनवर (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती प्रोटीन्स) अ‍ॅसिटाइलचे ठिपके लावले, मग रंक्स-वन आला, गाटा-थ्री आला, आणि सगळ्यात भारी म्हणजे टॅल-वन प्रोटीन स्वतःही येऊन बसला, स्वतःलाच चालू ठेवायला. एका छोट्या घुसखोरीतून अख्खा सुपर-एन्हान्सर (जीनचा जोर लांबूनही वाढवणारा डीएनएचा तुकडा म्हणजे एन्हान्सर, हा त्याचा बलाढ्य अवतार) उभा राहिला आणि जीनचं एकही कोडिंग अक्षर हललं नाही.

बाकी मार्गही आहेत, थोडक्यात सांगतो. बर्किट लिंफोमात मिक हा पेशींना वाढायला लावणारा जीन तसाच्या तसा उचलला जातो आणि ८ नंबरच्या क्रोमोसोमवरून १४ वर इम्युनोग्लोब्युलिनच्या (अँटीबॉडीच्या) एन्हान्सरशेजारी जाऊन पडतो, बी पेशीत तो एन्हान्सर चोवीस तास चालू, मग मिकही चालू. हेला नावाच्या सेल लाइनच्या पेशींत एचपीव्ही-१८ विषाणूचा डीएनए मिकपासून सुमारे पाच लाख बेसवर घुसलाय आणि त्याच बाजूची मिकची कॉपी जोरात चालते. आणि आयडीएच म्युटेशन असलेल्या ग्लिओमात तर दोन शेजाऱ्यांमधली भिंतच पडते: म्युटेटेड एन्झाइम २-हायड्रॉक्सीग्लुटारेट बनवतं, त्याने मिथायलेशन (डीएनएवर चिकटलेलं मिथाइलचं लेबल) पुसणारे टेट एन्झाइम अडतात, मिथायलेशन वाढतं, ती भिंत उभी करणाऱ्या सीटीसीएफ प्रोटीनला बसता येत नाही, आणि पलीकडचा एन्हान्सर येऊन पीडीजीएफआरए नावाच्या ऑन्कोजीनला भिडतो. हा २०१६ चा पेपर, वेळ काढून वाच. मिथायलेशनने जीन बंद होतो एवढंच ज्यांना शिकवलंय त्यांच्यासाठी तर नक्की, कारण इथे मिथायलेशनमुळे जीन चालू झालाय.

कोडकर

वरचं सगळं बरोबर आहे पण तिला एवढ्यात एन्हान्सरच्या जंगलात सोडू नका हो. आधी एक्सप्रेशन खरंच वाढलंय का ते बघा.

ट्युमरचं सॅम्पल म्हणजे नुसत्या ट्युमर पेशी नसतात. त्यात रक्तवाहिन्या असतात, फायब्रोब्लास्ट असतात, घुसलेल्या इम्यून पेशी असतात. तुमचा जीन जर टी पेशीत मुळातच चालू असणारा निघाला तर ट्युमरमध्ये तो "वाढलेला" दिसणारच, कारण तिथे टी पेशी जास्त आल्यात. कुठल्याच पेशीत काही बदललेलं नाही, फक्त गर्दी बदललीये. सीडी३ (टी पेशींची खूण) आणि कोलॅजनच्या (फायब्रोब्लास्टची खूण) जीन्सबरोबर तुमचा जीन वरखाली होतोय का एवढं आधी प्लॉट करा, पाच मिनिटांचं काम आहे. सिंगल-सेल (एकेका पेशीचा वेगळा) डेटा कुठे मिळाला तर अजून बरं.

दुसरं, नॉर्मलायझेशन, म्हणजे सॅम्पल्सचे आकडे तुलनेसाठी एका मापात आणणं. हे फार कमी लोक बघतात. मिक खूप वाढलेल्या पेशींत जे जीन चालू असतात ते बहुतेक सगळेच अजून वर जातात, पेशीमागे एकूण आरएनएच वाढतो. २०१२ मध्ये यावर बरीच चर्चा झाली होती. आता तुम्ही प्रत्येक सॅम्पलमधून सारखाच आरएनए घेऊन सीक्वेन्स करता आणि एकूण रीड्सने (वाचलेल्या तुकड्यांच्या संख्येने) भागता, म्हणजे ती सरसकट वाढ गणितात गायब आणि उरलेल्याला तुम्ही "वाढलं" "कमी झालं" म्हणता. पेशी मोजून बाहेरचा, ठरावीक मापाचा स्पाइक-इन आरएनए टाकला असेल तरच ते पकडता येतं.

हे दोन्ही पार पडलं तर मग एक टेस्ट आहे जिला नवीन प्रयोग लागत नाही, तुमच्याकडच्या डेटावरच होते. त्या जीनच्या एक्झॉनमध्ये किंवा यूटीआरमध्ये (आरएनएत उतरणारे भाग) जिथे पेशंट हेटरोझायगस आहे, म्हणजे दोन कॉपींत अक्षर वेगळं आहे, असा एखादा साधा एसएनपी (एका अक्षराचा फरक) शोधा. एक्झोममध्ये नॉर्मल टिश्यूत समजा ए आणि जी निम्मे निम्मे आहेत. आता ट्युमरच्या आरएनए-सीकमध्ये तीच जागा बघा. तिथेही निम्मे निम्मे असतील तर दोन्ही कॉपी सारख्याच चालू आहेत, म्हणजे कारण लांबचं आहे, कुठलातरी फॅक्टर किंवा सिग्नल वाढलाय जो दोघींनाही मिळतोय. याला ट्रान्स म्हणायचं. पण आरएनएमध्ये जवळजवळ सगळे जी आणि ए नावाला, असं असेल तर एकच कॉपी चालू आहे, म्हणजे बिघाड त्याच डीएनएच्या तुकड्यावर, जीनच्या आसपास कुठेतरी. हे सिस. बिल्डिंगमध्ये सगळ्यांकडेच पाणी नसेल तर टाकी बघायची, एकाच घरात नसेल तर त्या घरातला नळ. दोन्ही कॉपी एकाच न्यूक्लियसमध्ये, त्याच फॅक्टर्सच्या सूपमध्ये आहेत, त्यामुळे याहून चांगला कंट्रोल तुम्ही विकत आणू शकत नाही. वर पिपेटभाऊंनी टर्टमध्ये एकच कॉपी जागी होते म्हटलं ना, ते याच टेस्टमध्ये दिसतं.

सावध कुठे राहायचं तेही ऐका. तो जीन इम्प्रिंटेड (मुळातच एका पालकाकडचीच कॉपी चालू असणारा) नाही ना, एक्स क्रोमोसोमवर नाही ना, आणि ट्युमरमध्ये एक कॉपी हरवून उरलेलीच डबल झालेली नाही ना. कॉपी नंबर दोन दिसतो म्हणता पण दोन्ही एकाच पालकाकडून आलेल्या असू शकतात, तेव्हा ट्युमरच्या डीएनएमध्येही प्रमाण बघा. शिवाय रेफरन्सशी जुळणारं अक्षर असलेले रीड्स जरा जास्तच मॅप होतात, तो बायस काढा. आणि दहा-बारा रीड्सवर निष्कर्ष काढू नका, प्लीज.

स्लाइडवाली

मी मॉलिक्युलर पॅथॉलॉजीत काम करते. इथे सगळे चालू झालेल्या जीनबद्दलच बोलतायत, आमच्याकडे रोज उलटं दिसतं, जीन शाबूत आणि तरी बंद.

कोलनच्या कॅन्सरची एमएलएच-वन स्टेनिंगची स्लाइड घ्या. हे प्रोटीन डीएनए कॉपी करताना झालेल्या चुका दुरुस्त करणाऱ्या टीममधलं. ते असेल तर न्यूक्लियस तपकिरी होतो, नसेल तर नुसता निळा राहतो. बंद पडलेल्या केसमध्ये ट्युमरच्या ग्रंथी ओळीने निळ्या दिसतात आणि त्यांच्या मधल्या फटींमध्ये लिंफोसाइट्स आणि स्ट्रोमाच्या पेशी टपोऱ्या तपकिरी. ते तपकिरी ठिपके दिसले की मी निश्चिंत होते, कारण तेच सांगतात की स्टेन नीट झालाय आणि निळेपणा खरा आहे. लिंफोसाइट्सही निळेच असतील तर रिपोर्ट द्यायचा नसतो, स्टेनिंग पुन्हा करायचं असतं. तुमच्या भाषेत, कंट्रोल त्याच स्लाइडवर शेजारी बसलेला असतो.

आता एमएलएच-वन गेला म्हणजे लगेच आनुवंशिक लिंच सिंड्रोम (कुटुंबात चालत येणारा कॅन्सरचा धोका) असं नाही. कोलनच्या कॅन्सरपैकी साधारण १५ टक्क्यांत ही दुरुस्ती यंत्रणा बंद असते आणि त्यातल्या बहुतेकांत जीनमध्ये म्युटेशन नसतंच, त्याच्या प्रमोटरवर मिथायलेशन झालेलं असतं, वयाबरोबर, पेशंटच्या आयुष्यात कधीतरी. म्हणून पुढची पायरी ब्राफ जीनमधलं व्ही६००ई म्युटेशन आणि प्रमोटर मिथायलेशन बघणं. ते पॉझिटिव्ह असेल तर बहुधा आनुवंशिक नाही, नातेवाइकांना घाबरवायची गरज नाही. अपवाद असतात, जन्मापासूनच तो प्रमोटर मिथायलेटेड असलेली माणसंही आहेत, पण विरळा. म्हणजे अर्धवट ताई, तुम्ही जो प्रश्न विचारलाय, जीन ठीक तरी वागणूक बिघडलेली, त्याच्या उत्तरावर अख्ख्या कुटुंबाची तपासणी करायची की नाही हे ठरतं.

आणि एक, एमजीएमटी. ग्लिओब्लास्टोमात टेमोझोलोमाइड देतात, ते डीएनएवर मिथाइल चिकटवून पेशी मारतं, आणि एमजीएमटी ते मिथाइल काढून टाकतं, म्हणजे औषधाच्या कामावर पाणी. २००५ च्या अभ्यासात ४५ टक्के ट्युमर्समध्ये एमजीएमटीचा प्रमोटर मिथायलेटेड होता. त्या पेशंट्समध्ये रेडिएशनबरोबर हे औषध दिलेल्यांचं मीडियन सर्व्हायव्हल २१.७ महिने, नुसत्या रेडिएशनवाल्यांचं १५.३. मिथायलेशन नसलेल्यांत औषधाचा फरक अगदीच थोडा. जीन तोच, अक्षरं तीच, फक्त वर मिथाइल आहे की नाही एवढंच आणि आम्ही ते रिपोर्टवर लिहितो.

फक्त मिथायलेशन दिसलं की बंद असं धरून चालू नका. आत्ताच पिपेट यांनी आयडीएचचं सांगितलं, आणि टर्टच्याच प्रमोटरमध्ये एक पट्टा असा आहे की तिथे मिथायलेशन वाढलेल्या ट्युमर्समध्ये एक्सप्रेशन वाढलेलं दिसतं. कुठल्या जागेवरचं मिथायलेशन ते बघावं लागतं.

सहज_वाचतोय

मी विज्ञानाचा नाही, पण धागा छान चाललाय म्हणून विचारतो. म्युटेशन नाही, फक्त वरचं लेबल बदललंय, मग ते पुसता यायला हवं ना? व्हिडिओत सांगतात की योग्य आहार आणि ध्यान केलं की जीन्सचं मिथायलेशन सुधारतं आणि कॅन्सर मागे फिरतो. यात कितपत तथ्य?

रात्रपाळी_पिपेट

प्रश्न एकदम रास्त आहे, व्हिडिओ मात्र भंपक. पुसता येतं हे खरं, म्हणून तर औषधं आली. अ‍ॅझासायटिडिनला अमेरिकेत २००४ मध्ये परवानगी मिळाली, एमडीएस नावाच्या बोन मॅरोच्या आजारासाठी, मग २००६ मध्ये डेसिटाबिन. ही औषधं डीएनएत शिरतात आणि मिथाइल लावणाऱ्या एन्झाइमला तिथेच अडकवून टाकतात. पण ती जीन बघून काम करत नाहीत, सगळीकडचंच पुसतात, जिथलं पुसायला नको तिथलंही. आहाराने नेमक्या ट्युमरमधल्या नेमक्या जीनचं मिथायलेशन पुसून कॅन्सर बरा होतो याला आधार नाही. असलं ऐकून कुणी उपचार लांबवू नका, एवढं हात जोडून.

लेबल बदलून आजार बरा होण्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण वेगळंच आहे. एपीएल नावाचा ल्युकेमिया. त्यात १५ आणि १७ नंबरच्या क्रोमोसोमचे तुकडे जुळून पीएमएल-रारा हे प्रोटीन तयार होतं, ते जीन्सवर बसून त्यांना बंद ठेवतं आणि पांढऱ्या पेशी अर्धवट वयातच अडकतात, मोठ्या होत नाहीत, नुसत्या वाढत राहतात. एटीआरए हे औषध, अ जीवनसत्त्वाच्या घराण्यातलं, त्या प्रोटीनला बसून त्याची पकड सोडवतं. आणि मग पेशी मारल्या जात नाहीत, त्या मोठ्या होतात! न्यूट्रोफिल बनतात, आपलं वय पूर्ण करून मरतात. शांघायच्या गटाने १९८८ मध्ये हे रुग्णांवर दाखवलं. पुढे आर्सेनिक ट्रायऑक्साइड जोडलं गेलं, ते त्या बिघडलेल्या प्रोटीनचाच निकाल लावतं, आणि २०१३ मध्ये छापलेल्या ट्रायलमध्ये कमी आणि मध्यम धोक्याच्या रुग्णांत केमोशिवाय नुसत्या या जोडीवर दोन वर्षांचं इव्हेंट-फ्री सर्व्हायव्हल (आजार न उलटता जगणं) ९७ टक्के, एटीआरए आणि केमोवाल्या गटात ८६. (यावरून कुणी अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या खायला लागू नका, त्या जास्त झाल्या तर लिव्हर जाईल. एपीएल सोडून इतर ल्युकेमियात हा चमत्कार होत नाही, कारण तिथे ते प्रोटीनच नाही.)

आणि "वाईट लेबल लावणारं एन्झाइम बंद करा" हेही इतकं सरळ नाही. ईझेडएच-टू घ्या, हिस्टोनवर बंदीचा शिक्का मारणारं. काही बी पेशींच्या लिंफोमात ते ६४१ नंबरच्या टायरोसिनच्या म्युटेशनने जास्तच जोरात शिक्के मारतं, म्हणून त्याला अडवणारं टॅझेमेटोस्टॅट आलं, २०२० मध्ये परवानगी. पण टी पेशींच्या ल्युकेमियात आणि एमडीएसमध्ये त्याच ईझेडएच-टूचं काम बंद पाडणारी म्युटेशन्स सापडतात, म्हणजे तिथे ते असणंच चांगलं होतं. एकच एन्झाइम, एका पेशीत गुन्हेगार आणि दुसरीत पहारेकरी. त्यामुळे कुणी "अमुक जीन कॅन्सरचा" म्हटलं की मी आधी विचारतो, कुठल्या पेशीत?

अर्धवट_बायोलॉजिस्ट

सगळ्यांना खरंच मनापासून थँक्यू, गाइडपेक्षा जास्त इथेच शिकले (हे डिलीट करायला पाहिजे). कोडकर सर, तुमच्या सांगण्याप्रमाणे केलं. टी पेशी आणि कोलॅजनशी काही संबंध दिसला नाही, तो सुटकेचा निःश्वास. ए-जी वाली टेस्ट जिथे एसएनपी सापडला तिथे लावली. बहुतेक ट्युमर्समध्ये दोन्ही अक्षरं साधारण सारखीच आहेत. पण एकात आरएनएचे जवळजवळ सगळे रीड्स एकाच अक्षराचे आहेत आणि ट्युमरच्या डीएनएमध्ये मात्र दोन्ही निम्मे निम्मे आहेत! रीड्सही भरपूर आहेत. जीन इम्प्रिंटेड नाही, एक्सवर नाही. आता हे एक सॅम्पल चुकार समजून सोडून द्यायचं का?

कोडकर

सोडून द्यायचं? ते सॅम्पल देव्हाऱ्यात ठेवा. बहुतेकांमध्ये ट्रान्स आणि एकात सिस, म्हणजे वेगवेगळे ट्युमर वेगवेगळ्या वाटेने त्याच जीनला चालू करायला गेलेत. नुसतं एक्सप्रेशन वाढलं असतं तर मी म्हटलं असतं की कुठल्यातरी दुसऱ्या बिघाडाच्या ओघात वाहत आलाय. पण एका ट्युमरमध्ये खास याच जीनच्या आसपास काहीतरी घडून तो चालू झाला असेल आणि ती पेशी पुढे वाढली असेल, तर या जीनचा ट्युमरला उपयोग होत असावा, एवढी शंका घ्यायला जागा आहे. शंका म्हणतोय, पुरावा नाही.

त्या एका सॅम्पलचं होल जिनोम करून घ्या, जमलं तर लाँग-रीड (लांब तुकडे सलग वाचणारं), म्हणजे तुटलेली जोडणी आणि घुसखोरी दोन्ही दिसतील आणि कुठल्या कॉपीवर आहे तेही कळेल. खिडकी मोठी ठेवा. कोलन कॅन्सरच्या धोक्याशी जोडलेला आरएस६९८३२६७ हा एसएनपी मिकपासून सुमारे ३ लाख ३५ हजार बेस लांब बसलाय, मधे जीन्सचं वाळवंट. उंदरात तो एन्हान्सरच काढून टाकला तर मिकचं एक्सप्रेशन थोडंसंच कमी झालं, पण आतड्यातले ट्युमर बरेच घटले. म्हणजे लांबचं कारण आणि छोटा बदल, दोन्ही खपून जातात.

रात्रपाळी_पिपेट

आणि बाकीच्या ट्रान्सवाल्यांसाठी, डीएनए कुठे उघडा आणि चालू आहे ते दाखवणारी अटॅक-सीक किंवा एच३के२७ अ‍ॅसिटायलेशनची चिप-सीक असेल तर बघ कुठला एन्हान्सर नव्याने उघडलाय आणि त्यात कुठल्या फॅक्टरचा मोटिफ (बसायच्या जागेचा क्रम) आहे. टिश्यू फ्रोझन आहे की पॅराफिनमध्ये, ते आधी विचार, त्यावर बरंच ठरेल.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं, कारण की परिणाम, उत्तर डेटात नाही मिळणार, बेंचवरच मिळेल. लोक सगळ्यात आधी ल्युसिफरेज करतात, म्हणजे डीएनएचा तुकडा प्लास्मिडवर चमकणाऱ्या जीनला जोडून बघतात. कर, पण त्यावर थांबू नकोस, प्लास्मिडवर तुकडा चमकला म्हणजे क्रोमॅटिनमध्ये, स्वतःच्या जागेवर तो तेच करतो असं नाही. एन्हान्सर सापडला की मेलेला कॅस-नाइन (न कापणारं क्रिस्पर प्रोटीन) आणि क्रॅब (जीन दाबणारा प्रोटीनचा तुकडा) घेऊन त्यावर बसव, डीएनए न कापता ती जागा गप्प होते. जीनचं एक्सप्रेशन पडलं का बघ, आणि दोन्ही बाजूच्या शेजारी जीन्सचंही मोज, कारण एन्हान्सर जवळच्यालाच चालू करतो असा काही नियम नाही. मग पेशींची वाढ मोज. वाढ मंदावली तरी नाचू नकोस. आता त्याच पेशीत जीनचा सीडीएनए (आरएनएवरून बनवलेली जीनची प्रत) दुसऱ्याच प्रमोटरवरून दे, जो तुझ्या एन्हान्सरला विचारतच नाही. वाढ परत आली तर मग म्हण की एन्हान्सर या जीनमार्फतच काम करत होता. परत आली नाही तर तो एन्हान्सर दुसऱ्याच कुणाचा तरी होता. पेपरांत हा रेस्क्यू बऱ्याचदा गाळलेला दिसतो, मी रिव्ह्यूला आलेल्यात आधी तोच शोधतो.

टर्टच्या बाबतीत हे पार शेवटपर्यंत नेलेलं आहे. २०२० मध्ये बेस एडिटिंगने (डीएनएतलं एकच अक्षर बदलण्याची पद्धत) १२४ वरचं टी परत सी केलं, तेवढं एकच अक्षर, जीएबीपीची जागा गेली, टर्ट पडला आणि उंदरातले मेंदूचे ट्युमर वाढायचे मंदावले.

सेल लाइन निवडताना एक कर. ज्या लाइनमध्ये तुझा जीन चालू आहे तीच घे, लॅबमध्ये पडून आहे म्हणून कुठलीही उचलू नकोस. तिच्यात ए-जी वाली टेस्ट आधी लाव, म्हणजे तिथे सिस आहे की ट्रान्स ते कळेल, आणि सिस असेल तर सँगर सीक्वेन्सिंगने ती जागा वाचून घेतल्याशिवाय गाइड आरएनए (कॅस-नाइनला नेमक्या जागी नेणारा) ऑर्डर करू नकोस. कंट्रोल म्हणून नॉन-टार्गेटिंग (कुठेच न बसणाऱ्या) गाइड आरएनएबरोबर शेजारच्या रिकाम्या जागेवर बसणारे दोन गाइड आरएनएही मागव.

अर्धवट_बायोलॉजिस्ट

टिश्यूचं विचारलं, फ्रोझन आहे! होल जिनोमचं बजेट गाइडना विचारते, ए-जी वाला प्लॉट दाखवूनच विचारते म्हणजे नाही म्हणणार नाहीत. स्लाइडवाली ताई, त्या एका सॅम्पलचा पॅराफिन ब्लॉकही आहे म्हणे, या जीनच्या प्रोटीनचं स्टेनिंग करून ते ट्युमर पेशीतच आहे का हे बघता येईल ना?

स्लाइडवाली

येईल, आणि कराच. अँटीबॉडी मात्र आधी ज्या टिश्यूत हा जीन नक्की चालू असतो त्यावर आणि ज्यात नक्की बंद असतो त्यावर लावून बघा, मगच तुमच्या ब्लॉककडे वळा. ब्लॉकमधून कट घेताना दोन-चार जास्तीचे घेऊन ठेवायला सांगा, नंतर मागितले की ब्लॉक संपलाय असं कळतं.